साहेबाच्या मापाचं धनुष्य

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

इथे आखातात २००९च्या मंदीत जावयांचा पगार कापला गेला, तरी त्यांना साहेबाबरोबर आफ्रिकेत शिकारीला जायचंय. त्यासाठी साहेब स्वतःचं जुनं कंपाउंड बो, म्हणजे चाकांचं धनुष्य, त्यांच्या गळ्यात मारतोय. बाराशे दिरहॅम, म्हणजे पंधरा हजार रुपये! नातीच्या पुण्याच्या तिकिटाचे पैसे.

आज त्यांच्यासोबत मी आणि नातही साहेबाच्या घरी गेलो. साहेब सहा फुटी, आमचे जावई सुधीरराव त्याच्या खांद्याला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी तिरंदाजी शिकवताना आधी आमचे हात मोजले होते. जावयांना म्हटलं, "ओढून दाखवा."

तोंड लालबुंद झालं, दोरी अर्ध्यातच अडकली.

"हबीबी, आदत हो जाएगी," साहेब म्हणाला.

"बाबा, इट्स टू बिग फॉर यू," नात म्हणाली.

जावई माझ्या कानाशी आले. "आई, नाही कसं म्हणू? नोकरीवरून काढायच्या लोकांत माझं नाव आलं तर?"

आणि पैसे दिले. एवढ्याच पैशांत शारजाच्या दुकानात त्यांच्या हाताच्या मापाचं नवं मिळत होतं.

नातीचं तिकीट मी काढतेय. पण साहेबाची अडगळ विकत घेऊन कोणाची नोकरी टिकलेली तुम्ही पाहिलीय का?