साठ डाव्या बाह्या

वहिनींचा उजवा खांदा एकदा जो धरला, तो चांगले आठ महिने सुटला नाही. शिवणकारखान्यात बावीस वर्षं कापड कापणाऱ्या या बाईला स्वतःची वेणी घालता येईना. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. तो त्या दात-ओठ खाऊन करायच्या आणि दरवेळी धाकट्या नणंदेचा उद्धार करायच्या.

कारण उघड होतं. तिला कारखान्यात चिकटवलं कुणी? वहिनींनी. कात्री धरायला शिकवलं कुणी? वहिनींनी. आणि आता कापाईचं टेबल कुणाकडे? "बसलीय माझ्या जागेवर ठाण मांडून! तुमचीच बहीण ती," असं त्या नवऱ्याला ऐकवायच्या. बिचारा पेपरात तोंड घालायचा.

परतल्या त्या दिवशी मालकांनी हात वर करून दाखवायला सांगितला. वहिनींनी हसत हसत दाखवला. डोळ्यांत आलेलं पाणी मालकांना आनंदाचं वाटलं.

"आजचा दिवस टेबल सांभाळा," ते म्हणाले. "जमलं तर तुमचं, नाहीतर बटणं लावायला बसा."

बटणं! बावीस वर्षांनी!

काम होतं शाळेच्या सदऱ्यांच्या बाह्यांचं. कापडाचा एक थर सुलट, दुसरा उलट असं टाकत गेलं, की एका कापात डावी-उजवी जोडी मिळते. पण प्रत्येक थर उलटायचा म्हणजे हात पार डोक्यावरून फिरवायचा, आणि कळ आली की चेहरा चुगली करणार. म्हणून वहिनींनी शक्कल काढली. सगळे थर सुलटच टाकायचे आणि अर्ध्या टेबलावर कागदी नमुना पालथा ठेवायचा. शक्कल झकास होती. फक्त नमुना पालथा करायचा राहून गेला.

साठ बाह्या, साठही डाव्या.

पहिलं पाहिलं ते बाह्या मोजायला आलेल्या नणंदेनं. संपलं सगळं! तेवढ्यात मालक आलेच.

"थर मी टाकले," नणंद म्हणाली. "वहिनी नको म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही."

मालक तिच्यावर असे काही बरसले की विचारू नका. तिची रवानगी बटणांकडे झाली, टेबल वहिनींना मिळालं. आणि वहिनी? त्यांनी झटकन कात्री ताब्यात घेतली. टेबल हवं होतं ना!

जेवणाच्या सुट्टीत मात्र राहवलं नाही. नणंदेला कोपऱ्यात गाठून त्यांनी विचारलं, "कशाला अंगावर घेतलंस गं?"

नणंदेनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदर जरा बाजूला केला. कमरेला वीतभर रुंद पट्टा आवळलेला होता.

"चार महिने झाले, उभं राहिलं की पाय बधिर होतो. पण मी टेबल सोडलं असतं तर मालक बाहेरचा माणूस आणणार होते. मग तुम्हाला कोण परत घेणार होतं? देव पाण्यात घालून बसले होते मी, तुम्ही कधी येताय म्हणून." ती भिंतीला धरून हळूहळू खाली टेकली. "आता मला जरा बसू द्या, वहिनी."