लिफ्टची चावी

"ए बाई, त्या खांबाआड सरक. रेल्वेचे साहेब तपासणीला येतायत. बरं दिसत नाही."

स्टेशनावरचा मुकादम मला म्हणाला. मी लिफ्टसमोर बसले होते. रोज त्या दाराला कुलूप असायचं, त्या दिवशी नव्हतं. दारापुढं रांगोळी काढलेली, बाजूला झेंडूच्या कुंड्या.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. मी हातांवर चालते. हातात रबरी चपला घालते. बीडकडून पिंपरीत आले, तळेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. ठेकेदार बोलवील त्या दिवशी काम, म्हणून पास नाही, जायच्या दिवशी तिकीट. खिडकी पुलापलीकडं, गाडीही पलीकडंच. लिफ्टचं विचारलं की मुकादमाचं ठरलेलं उत्तर, "बिघडलीय."

मग काय, जिना! बसत बसत एकेक पायरी. अंगावरून लोक धावत जाणार, कुणाची बॅग डोक्यात बसणार, पानाच्या पिचकाऱ्या माझ्या ड्रेसला पुसल्या जाणार. वर पोचेपर्यंत कितीदा गाडी निघून जायची आणि त्या दिवसाची हजेरीही. कंपनीतल्या बाया म्हणायच्या, "अगं, तुला कोण तिकीट विचारतंय? बस की तशीच." खिडकीतल्या बाबूनंही हसत तेच सांगितलं. जीव नुसता जळायचा. राबून खाते मी. फुकट कशापायी जाऊ?

तरी त्या दिवशी मी खांबाआड सरकले. अंगवळणीच पडलं होतं. गावी लग्नकार्यात आई म्हणायची, "कडंला बस गं, लोकांच्या पायात येशील." मी आयुष्यभर कडंलाच बसले.

खांबाआडून बघितलं. मुकादमानं बटण दाबलं. दार उघडलं. आत दिवा, पंखा गरगरत होता. लिफ्ट वर गेली, खाली आली. ठणठणीत.

म्हणजे बिघडली नव्हतीच. चावी ह्याच्या खिशात होती आणि मी पायऱ्या घासत होते!

डोकंच फिरलं माझं. निघाले तशीच, रांगोळीवरून. चपलांनी सगळी विस्कटली. आत जाऊन बसले.

"ए, बाहेर ये! साहेबांसाठी आहे ती."

"मला तिकीट काढायचंय."

तेवढ्यात साहेब आले. आधी मला त्यांचे चकचकीत बूटच दिसले. त्यांनी खाली बघितलं आणि तोंडभर हसले. "अरे वा! यांच्याबरोबर एक फोटो घ्या."

मी हातातली चप्पल तोंडापुढं धरली.

"फोटो नको साहेब. उद्या चावी कुणाकडं असंल, ते सांगा."

साहेबांनी मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं जमिनीकडं. मी बटण दाबलं.

पूल ओलांडून पलीकडं गेले. तिकिटाची खिडकी उंच होती. बाबूला मी दिसेना. चप्पल काचेवर आपटली. "एक तळेगाव!" त्यानं वाकून बघितलं, गुमान तिकीट दिलं.

दुसऱ्या दिवशी परत कुलूप.

पण आता मी जिना चढत नाही. लिफ्टसमोर बसते आणि चपलेनं दार बडवते. सगळं स्टेशन वळून बघतं. मुकादम ओरडतो, "बाई, लाज वाटू द्या!" कधी शिव्या घालत चावी आणतो, कधी आणतच नाही. गाडी चुकते, हजेरी जाते, ठेकेदार काढून टाकीन म्हणतो. टाकू दे. कुलूप निघेपर्यंत मी बडवणार. त्या खांबाआड मी परत जाणार नाही.