दोन्ही दंडांचं माप

आज औंढ्यात ब्लाउज शिवायला टाकताना दुकानातल्या पोरीनं माझ्या दोन्ही दंडांना टेप लावला आणि मला शिरड शहापूरची ती जुनी दुपार आठवली!

तिथल्या दवाखान्यात छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायांना मी हाताची सूज आणि व्यायाम समजावत होते. त्यांच्यातलीच शिलाईवाली कमलबाई एकदम उसळली, "मॅडम, आमी तं ब्लाउजला एकाच हाताचं माप घेतो! सूज दिसंल कशी?" तिनं गळ्यातल्या टेपनं स्वतःचेच दंड मोजले. ऑपरेशनच्या बाजूचा बोटभर जास्त भरला. "सापडली की! उचला गं हात, व्यायामाला!" ती ओरडली, आणि साऱ्यांचे हात वर गेले.

"दोन्ही काहून मोजतेस?" मी पोरीला विचारलं.

"कमलमावशीकडं शिकले," ती म्हणाली. "एकाच हाताचं माप कोणी घेतं व्हय?"