भरतीच्या पाण्यावर विलासमामा

आज सकाळी विलासमामाच्या अस्थी पाण्यात सोडल्या.
त्याला पाण्यात जायचं नव्हतं.

घसा बसलाय माझा. मामा गेल्यापासून घरात नुसता ओरडतोय. आता ताकद नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विलासमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. एडवणचा. मालवाहू बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. अर्धं जग फिरला.
आणि आवडायचे काय, तर डोंगर.

सुट्टीवर आला की बॅग उघडायच्या आधी अंगणात खाट टाकायचा.
मामी चिडायची, "आत पंखा हाय ना!"
"केबिनमधून सुटून आलोय बाई. परत खोलीत कोंडू नको."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन सफाळ्याला. तांदुळवाडीचा डोंगर.
चढ लागला की चपला काढून हातात.
"बोटीवर आभाळ ढीगभर हाय रे. पण पायाखाली लोखंड. मातीला पाय लागायला सुट्टी लागते."

पाड्यावरच्या बायका लांबूनच ओळखायच्या, "बोटीवाला आला!" पानात करवंदं द्यायच्या. हा त्यांना परदेशातले वासाचे साबण द्यायचा.

वर पोचलं की सगळे समुद्राचे फोटो काढतात.
मामा समुद्राकडे पाठ करून बसायचा. समोर वैतरणेची खाडी, डोंगराच्या पायथ्याशी वळत आत गेलेली.
"मामा, मागे बघ ना. काय सनसेट आहे!"
"ते बघायचा पगार घेतो मी. सुट्टीत ड्युटी नाय करत."

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हाही तिथेच नेलं होतं त्याने. कारण सगळ्यांना माहितीये. ती रोज समोर दिसायची, मला सहन होत नव्हतं.
मी म्हटलं, "मामा, मला बोटीवर लाव. लांब जायचंय."
तो गवती चहा तोडत होता. वर बघितलंच नाही.
"पोरगी नाय म्हणाली तर तू कॉलेजातून उतरलास. बोटीवर कोण नाय म्हणाला तर कुठं उतरशील? मध्ये दर्यात?"
इतका राग आला होता. उठून लांब जाऊन बसलो.
मग त्याने चहा दिला. प्यायलो.

मागच्या सुट्टीत मामीपण वर आली होती. तेव्हा म्हणाला, "मी मेलो ना, तर मला इथं ठेवा. पाणी पुष्कळ झालं."
मामीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एवढी वादळं काढली त्याने. गेला अंगणातल्या खाटेवर. मामी सकाळी चहा घेऊन गेली, तर उठलाच नाही.

मूलबाळ नाही. त्यामुळे सगळं नानांच्या हातात. नाना म्हणजे थोरले मामा, मासेमारीची बोट आहे त्यांची. दिवसभरात चार वाक्यं बोलतील तर शपथ.
मी म्हटलं, अस्थी डोंगरावर नेऊ.
"आपल्यात कोणी डोंगरावर नेलाय का कोणाला?"
"त्याची इच्छा होती नाना! मामीला विचारा!"
मामी भिंतीला टेकून बसलेली. तिने होकाराची मान डोलावली.
"तू भाचा हाय. भाच्यासारखा रहा."
मी तांब्या भिंतीवर फेकला. आईने माझ्यापुढे हात जोडले. मग तांब्या उचलून जागेवर ठेवला.

बोईसरला कंपनीत सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, "मामा ही था ना, बाप तो नहीं." त्याचं नंतर बघतो. आज भांडायची ताकद नाही.

सकाळी नानांच्या बोटीतून निघालो. दातिवऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी.
मामाच्या गावाकडे अस्थी ओहोटीला सोडतात. पाणी बाहेर नेतं, माणूस मागे अडकत नाही. पोराटोरांनाही माहीत असतं हे.
नानांनी इंजिन बंद केलं आणि नारळ हातात घेतला.
सुकाणूवर बसलेला त्यांचा जुना तांडेल म्हणाला, "नाना, पाणी चढतंय अजून. ओहोटी लागू दे की."
नानांनी पाण्याकडे बघितलं. नारळ सोडला. फुलं सोडली. मग मामाला सोडलं.
मला वाटलं, उरकून टाकतायत. परत डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात फुलं दिसली.
समुद्राकडे जातच नव्हती.
आत चालली होती. खाडीत.
तिकडे लांब तांदुळवाडीचा डोंगर.

मी म्हटलं, "नाना..."
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे पुसले, त्याच हाताने इंजिन चालू केलं.
"पायथ्यापर्यंत मी सोडलाय. फुडं त्याला वाट ठाऊक हाय."
थोड्या वेळाने मीच म्हटलं, "ओहोटीला परत येईल ना पण."
"येईल. त्याची सुट्टी कधी मोठी होती?"

येताना नानांच्या शेजारी बसलो.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत.
विलासमामा, सावकाश चढ. चपला हातात घे.
रविवारी मी वर येतो. समुद्राकडे पाठ करून बसू.