भैरवी मधेच लागली तेव्हा

भैरवी लागली की नाशिककर चपला शोधायला लागतो. यात कुणाचा दोष नाही. गाण्याची बैठक असो की संगीत नाटक, शेवट भैरवीनेच व्हायचा, आणि खुर्चीखाली सैल करून ठेवलेल्या चपलांत पाय सरकवायला, पेंगलेलं पोर खांद्यावर घ्यायला, बाहेर रिक्षा मिळेल की नाही याची काळजी करायला तेवढा वेळ पुरायचा. आमच्या गायनाच्या सरांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? जन्म पेटीवर गेला होता त्यांचा. तरी त्यांनी स्वतःच्या संगीतिकेत भैरवी मधोमध टाकली.

संगीतिका म्हणजे काय, ते सर आम्हाला समजावून सांगायचे. बोलणं अजिबात नाही, सगळं गाऊन. भांडण गाऊन, रडणं गाऊन, 'जरा पाणी आण' तेही गाऊन. यावर आम्ही दोघी खुदखुदायचो आणि सर पेटीचा भाता दाबून धरून आमचं हसू संपायची वाट बघत बसायचे. आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पंचवटीतल्या सरांच्या क्लासला मी चालत जायची आणि ती नाशिकरोडहून बसने यायची. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. घर बौद्ध, गाणं घरातच. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात बाप-लेक मिळून गायचे. आमच्या घरी कांद्याचा व्यापार आणि गाणं फक्त रेडिओवर. मला गळा बेताचाच होता. खरं सांगायचं तर मी क्लासला जायची ती तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून. ती षड्ज लावायची तेव्हा माझ्या मांडीखालची सतरंजीसुद्धा सुरात असल्यासारखी वाटायची.

संगीतिकेची गोष्ट साधी होती. नदीचा घाट, नवरा जाऊन दहावा दिवस. पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. एकेक नातलग पुढे येऊन हात जोडून गातो: तुझ्या पोरांना बघू, तुझ्या आईला सांभाळू, वाटणीवरून भांडणार नाही. कावळा येत नाही. मग मागे उभी असलेली विधवा पुढे येते. दहा दिवस तिला कुणी धड जेवलीस का म्हणून विचारलेलं नसतं. ती गाते, इच्छा त्याची राहिलेली नाही, माझी राहिलीय, मला भूक लागलीय. आणि खाली बसून पिंडाचा भात खाते. भैरवी नेमकी तिथे.

पिंड खायला कुणी तयार होईना. क्लासमधल्या तिघींनी घरी विचारते म्हणून सांगितलं आणि परत क्लासलाच आल्या नाहीत. शेवटी ही माझी मैत्रीण म्हणाली, "मी करते सर. भातच आहे ना?" सरांच्या बायकोने मात्र तो भात आपल्या चुलीवर शिजू देणार नाही म्हणून निक्षून सांगितलं. मग मी शिजवला. आईला सांगायची, क्लासला डबा नेते, भूक लागते. प्रत्येक तालमीला मी स्टीलच्या डब्यात मऊ भात घेऊन जायची, हिच्यासमोर पत्रावळीवर गोळा करून ठेवायची आणि तो घास खाऊन ती गायला लागली की भिंतीला टेकून रडायची. माझ्या आयुष्यात मी एवढ्या मनापासून दुसरा कुठला स्वयंपाक केलेला नाही.

एक अडचण होती. घास गिळून लगेच वरच्या सुरात जायचं होतं आणि तिचा घसा आवळून यायचा. तालमीत ती माझ्याकडे बघायची आणि जमून जायचं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी म्हणाली, "चौथ्या रांगेत कडेला बस. मी तुझ्याकडे बघून गिळणार. तू नसलीस तर घास तोंडातच राहील बघ." मी म्हटलं, "मरायला लागले तरी उठणार नाही." अशी वाक्यं बोलायला त्या वयात काही लागत नाही.

इकडे माझं लग्न ठरलं होतं. चांदवडची मंडळी होती. ती नेमकी प्रयोगाच्याच रविवारी येवल्याला पैठणी घेऊन नाशिकला आली. पाहुण्यांना दुपारी कुठे न्यायचं, तर वडिलांनी हौसेने तिकिटं काढली. जाहिरातीत 'संगीत' एवढाच शब्द त्यांनी वाचला. त्यांना वाटलं, शालू-शेले, तलवारी, नारदबिरद असेल. मी तर एका दगडात दोन पक्षी म्हणून खूषच झाले होते. चौथ्या रांगेत कडेला मी, शेजारी होणाऱ्या सासूबाई, पलीकडे बाकीचे सगळे. सासूबाईंच्या मांडीवर पैठणीची पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

पहिली वीस मिनिटं लोकांनी सहन केलं. मग बाल्कनीतून कुणीतरी कावळ्यासारखं ओरडलं आणि हशा पिकला. "घाटावर बायका कशाला आणल्या?" एक धोतरवाले गृहस्थ उभं राहून विचारायला लागले. कुणी टाळ्या वाजवून गाणं थांबवायला बघत होतं, कुणी त्यांना गप्प करत होतं. पेटीवर सर मान खाली घालून वाजवत राहिले. मग ती पुढे आली. पहिल्या आलापाला सगळं थिएटर चिडीचूप झालं. मला अभिमानाने काय करू आणि काय नको असं झालं होतं.

ती बसली. माझ्या हातच्या भाताचा घास तिने उचलला आणि पेटीवर भैरवी लागली.

निम्मे लोक उठले. काही संतापून उठले, हे दिसतच होतं; एकाने तर जाता जाता खुर्चीला लाथ मारली. पण कितीतरी जण नुसतेच सवयीने उठले. भैरवी लागली, म्हणजे संपलं. चपला शोधत, लुगडी सावरत, शेजाऱ्याला "बरं होतं नाही?" म्हणत ते निघाले. कोण रागावून चाललाय आणि कोण घरी चाललाय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सासूबाई पिशवी घेऊन उठल्या. "ऊठ गं. हे लय वाईट हाय. आन् तिला काय, त्यांच्यात कावळाच नसतो. आपला भात नासवती नुसती." भात माझा होता. ते तोंडाशी आलं आणि मी गिळलं. बाकीचे उठून माझ्याकडे बघत थांबले, कारण मी कडेला होते आणि माझ्यामुळे रस्ता अडला होता.

मी उठले.

दाराशी गर्दी तुंबली होती. तिथे शेवटच्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती, बोडकं कपाळ, पदर डोक्यावरून. तिचा नातू तिला उठवत होता, "चल आजी, संपलं." ती त्याचा हात झटकून म्हणाली, "संपलं नाही. बस खाली. खाऊ दे तिला." मी तिच्या अगदी जवळून गेले. मागे वळून स्टेजकडे बघायची हिंमत झाली नाही. बाहेर ऊन होतं आणि वडील पाहुण्यांची माफी मागत उसाच्या रसाची गाडी शोधत होते.

आठवडाभराने ती मला बसस्टॉपवर भेटली. मी आधी बघितलं असतं तर रस्ता बदलला असता. तीच पुढे आली आणि म्हणाली, "भैरवी लागली म्हणून उठलीस ना? सगळेच फसले गं. सर म्हणतात, त्यांचीच चूक झाली, लोकांच्या पायांचा विचारच केला नाही."

मी "हो" म्हटलं.

तिने मान डोलावली. मग पैठणीचा रंग कोणता घेतला ते विचारलं, मी सांगितला, तिची बस आली, ती चढली. लग्नाला ती आली होती म्हणे, आहेर ठेवून जेवण्याआधीच गेली. मी चांदवडला गेले. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास कळलं, तिला विदर्भाकडे शिक्षिकेची नोकरी लागली. सर गेले, क्लास बंद झाला, आणि तिचा पत्ता माहीत असलेलं कुणी उरलं नाही.

सासूबाईंजवळ मी पुढे नीट नांदले. त्या काही वाईट नव्हत्या. पण तेव्हा बसस्टॉपवर तिने मला जे दिलं, ते मी घेतलं, त्याची लाज गेली नाही. अख्ख्या नाशिकला त्या दिवशी भैरवी फसवून गेली असेल. मला नाही. प्रत्येक तालमीला डबा घेऊन बसलेली मी, भैरवी कुठे येते आणि तिच्यानंतर अजून किती गाणं आहे, हे तिच्या आणि सरांच्या खालोखाल मलाच माहीत होतं. हे ती जाणून होती, तरी तिने मला सुटायला वाट करून दिली. आता ती भेटावी असं फार वाटतं. गाणं ऐकायला मागणार नाही. एवढंच सांगेन की मी घाबरले म्हणून उठले. आणि भैरवीनंतरचं ते सगळं तू कसं गायलीस, ते मला एकदा सांग.