ज्वारीच्या बिअरचा जाणकार

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा थंडा झाला तरी चालन, पण मधात कोणी बोलायचं नाही!

अकोल्याच्या बाजारात तीस वर्षं माझी धान्याची अडत आहे. डोळे मिटून ज्वारीचे चार दाणे चावले, की सांगतो, दर्यापूरची का अचलपूरची! अशा माणसाची फजिती व्हावी, अन् तेही ज्वारीपायी? झाली ना बापा!

माझी भाची वैशाली. शेतकी शिकली अन् एक दिवस म्हणते, "मामा, मी बिअर बनवनार. ज्वारीची." घरात सुतक पडल्यासारखं झालं! तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, दोन दिवस अबोला धरला. अन् मी? मी वर्षभर लोकांना सांगत फिरलो, पोरगी सरबताच्या कारखान्यात आहे म्हणून!

मग तिचा फोन आला. "मामा, अमरावतीले बिअरचा मेळा आहे. नागपूर-पुण्याच्या लहान लहान बिअरवाल्यायसंगं माहाबी स्टॉल आहे. आपल्या घरचं कोनीच नाही येऊन राहिलं. तुमी तरी या."

आवाज इतका बारीक झाला होता पोरीचा, की नाही म्हणवलं नाही.

मेळा भर दुपारी, लग्नाच्या लॉनवर. सवयीनं मी खिशात आहेराचं पाकीट घेऊन गेलो! गेटवर हातात गिलास दिला. केवढा? खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढा. म्हटलं, "एवढ्यानं काय होते बे?" तर म्हणे, "काका, हे चव पाहण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही." ऐका! बिअर, अन् पिण्यासाठी नाही!

कोणाची संत्र्याची बिअर, कोणाची कॉफीची, कोणाची आंब्याची. सगळी गर्दी पुण्याच्या स्टॉलवर. अन् आमची वैशाली पार कोपऱ्यात, 'वऱ्हाडी ज्वारी' अशी पाटी लावून एकटी उभी. माझं रक्त असं उसळलं म्हणता!

"मामा, मी बर्फ आनते. पाच मिनिटं उभे रहा. कोनाले काही देऊ नका," म्हणाली अन् गेली.

टेबलावर काचेचा जग. आत फिक्कट पिवळं, वर जरासा फेस. आता आपल्याच भाचीची बिअर, कोण थांबते? घेतली एक गिलास. अहाहा! कान गरम झाले! मग दुसरी. तिसरी. अन् तोंडातून लिलावाचा आवाज फुटला.

"या जी, या! पुण्याची झाली असन तर आता वऱ्हाडाची घ्या! माह्या भाचीनं बनवली, माह्या भाचीनं!"

वर्षभर लपवलेलं वाक्य, पण असं सुटलं तोंडातून की छाती दोन बोटं वर आली.

लोक जमले. मी वाटत सुटलो. एक गॉगलवाल्या बाई म्हणाल्या, "शेवटी थोडी मातकट लागते." म्हटलं, "ते आमचं काळं रान आहे, ताई!" मग शेंडी बांधलेले एक साहेब आले. गळ्यात परीक्षकाचा बिल्ला, हातात वही. गिलास फिरवला, वास घेतला, डोळे मिटले.

"किती दिवस आंबवली?"

"एकवीस!" मी ठोकून दिलं.

"हलकी आहे," ते म्हणाले, "पण प्रामाणिक आहे." अन् वहीत लिहून घेतलं!

एव्हाना माझे पाच गिलास झाले होते. पाय लटपटत होते. मंडपाचा खांब धरून उभा होतो. तेवढ्यात वैशाली आली.

"मामा, जग काहून रिकामा?"

"उडवला लोकायनं! तुह्या बिअरीनं पुण्याले पानी पाजलं!"

"मामा…" पोरीचा चेहरा पांढराफट्ट. "बिअर तर टाकीत आहे. नळ अजून उघडलाच नाही. ते ज्वारी भिजवल्याचं पानी होतं. लोकायले वास घ्याले ठेवलं होतं."

खाडकन उतरली माझी! जी चढलीच नव्हती ती उतरली! शेंडीवाले साहेब वहीकडे पाहून राहिले, गॉगलवाल्या बाई आभाळाकडे. मला वाटलं, संपलं. पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीवर मीच पाणी ओतलं.

पण आमची वैशाली! सरळ टेबलासमोर आली, हात जोडले, अन् खणखणीत बोलली, "माह्या मामानं तुमाले ज्वारीचं नुसतं पानी पाजलं. आता त्याच ज्वारीची बिअर घ्या, अन् फरक तुमीच सांगा."

शेंडीवाले साहेब खदाखदा हसले. वहीचं पान टरकन फाडलं अन् पहिला गिलास त्यांनीच पुढे केला. प्यायले. अन् गिलास पुन्हा पुढे केला!

मग रांग लागली ती गेटपर्यंत. नव्यांमधलं पहिलं बक्षीस वैशालीला! ती मंचावर चढली तेव्हा मी बहिणीला फोन लावला अन् नुसता हात उंच धरला. "ऐक," म्हटलं, "ह्या टाळ्या तुह्या पोरीच्या आहेत." पलीकडे ती रडत होती, इकडे मी.

बिअर कशी होती म्हणता? रांग आवरता आवरता टाकी खाली झाली ना! अख्ख्या मेळ्यात मलाच थेंब मिळाला नाही.

अकोल्याला घरी पोचलो तर बायको दारात, कमरेला पदर खोचून. म्हटलं, आज लपवायचं नाही. "हो, घेतली! पाच गिलास घेतली! भाचीची घेतली अन् अभिमानानं घेतली!"

ती जवळ आली, तोंडाचा वास घेतला अन् नाक मुरडलं.

"कायची बिअर घेतली? म्हशीच्या आंबोणात तोंड घालून आले तुमी!"