कोरड्या बुटांतले ओले मोजे

या सदरातले बहुतेक अनुभव अमावास्येचे असतात, पिंपळाखालचे असतात, आणि सांगणारा नेमका एकटा असतो. माझा अनुभव भर सकाळचा आहे. मांडव घातलेला होता, लाऊडस्पीकरवर सनई चालू होती, जिल्ह्याहून आलेले एक साहेब हारांत बुडून बसले होते आणि अख्खं गाव हजर होतं. तरीही जे घडलं ते दोघींनीच पाहिलं — मी आणि आमच्या शेजारीण हमीदाखाला. खाला आता नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भूत, भानामती, करणी यांतलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. कुणी मला या प्रकाराचं सरळ कारण सांगितलं तर त्याला नांदेडला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घालीन.

माझं माहेर-सासर दोन्ही इंदूरचं. नवरा गिरणीच्या ऑफिसात होता. गिरणी बंद पडली आणि घरात पगार आणू शकणारी मी एकटी उरले. तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, नव्या शाळा निघत होत्या, आणि विज्ञान शिकवायला तिकडच्या खेड्यात यायला कुणी तयार नव्हतं. एका ओळखीच्यांनी जाहिरातीचं कात्रण पाठवलं. आम्ही चार वर्षांची लेक मनू, एक स्टोव्ह आणि पुस्तकांची पेटी घेऊन राज्य बदललं.

गाव उदगीरहून देवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत. नाव मुद्दामच देत नाही... माझी लेक हयात आहे आणि लोकांना तहान अजूनही लागते. आमच्या दोन खोल्या शाळेच्या मैदानाला लागून होत्या. मैदानाच्या मागच्या टोकाला बाभळीच्या काट्यांची कुपाटी आणि पलीकडे खालांचं घर. खाला गावोगाव फिरून बांगड्या भरायच्या. विधवा होत्या, जिभेला धार होती, आणि पहिल्याच आठवड्यात मनूला त्यांनी आपली करून टाकलं.

आम्ही गेलो ते सलग दुसरं कोरडं साल होतं. जमिनीला अशा भेगा की मनूचा चेंडू एकीत अडकून बसला. नव्या जिल्ह्याकडे पाट्या भरपूर होत्या, पाणी नव्हतं. टँकर यायचा, नाही यायचा. आला की नवरा घागर घेऊन धावायचा, आणि बायका एकमेकींना विचारायच्या, "मास्तरीणबाईचे मालक काय करत्यात गं?" "पोरगी सांभाळत्यात म्हणं." "आन् मग बाई?" "बाई कमवत्यात." याचं नवल गावाला दुष्काळाहून जास्त होतं.

आता माझा पराक्रम. गावात एक पाणाड्या आला होता, तळहातावर नारळ आडवा धरून जमिनीतलं पाणी शोधत शेतं फिरणारा. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी अंधश्रद्धेवर तासभर बोलले. बोलण्याच्या भरात म्हणाले, "आणि ते पायाळू! जन्मताना आधी पाय बाहेर आले की म्हणे त्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, धन दिसतं, त्याचा पाय लागला की उसण उतरते, अंगावर वीज पडते. अरे, माझी मुलगी पायाळूच जन्मली. पडली का वीज?"

वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, मुद्दा पोचला.

पोचला होताच. संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर एक म्हातारा पालथा पडलेला. "बाई, कमरंत उसण भरलीय," तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "तेवढा ताईचा पाय लावा की." नवऱ्याला वाटलं, प्यायलाय. मनूला वाटलं, घोडा घोडा खेळायचंय. ती चढलीसुद्धा. म्हातारा उठला, कंबर हलवून पाहिली, म्हणाला, "झ्याक!" आणि चालता झाला. दुसऱ्या दिवशी तिघे आले.

खाला संतापल्या. "बाई, शिकल्याल्या हाव न्हवं तुमी? मग घरातली गोष्ट गावात दवंडी पिटून कामून सांगितली?"

"खाला, मी त्याच्या विरुद्ध बोलत होते."

"त्येच की. गावानं अर्धंच ऐकलं. जेवढं कामाचं तेवढं."

उसणीवर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण आठवड्याभरात सायकलवरून एक अनोळखी माणूस आला. मी शाळेत होते. त्यानं मनूला लिमलेटची गोळी दिली आणि नवऱ्याला विचारलं, "पायाळू हीच का? जन्म कुठल्या तिथीचा?" नवरा इंदूरचा, त्यानं चहा विचारला. खालांनी कुपाटीवरून पाहिलं आणि अशा शिव्या घातल्या की तो माणूस चहा अर्धा टाकून पळाला.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुप्तधन काढणारे असत्यात बाई. त्यांना पायाळू लेकरू लागतं. धन सापडल्यावर त्या लेकराचं काय करत्यात, ते मला विचारू नका."

मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र फळ्याकडे तोंड करून लिहिताना दर दोन ओळींनी मी खिडकीतून आमच्या ओट्याकडे बघत असे. नवरा मनूला शौचालासुद्धा एकटं सोडेना. विश्वास माझा नव्हता, पण त्या माणसाचा होता, आणि भीती वाटायला तेवढं पुरतं.

अशात संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, मोठी आडत, आणि समारंभांची जबर हौस. शाळेला नवी घंटा आली तेव्हा घंटेचं उद्घाटन झालं होतं. साहेबांनी एक टोला दिला आणि पाऊण तास भाषण. आता शाळेला बोअर मंजूर झाली होती.

"बाई, तुमची लेक जरा मैदानातून चालवायची," आप्पा म्हणाले. "जागा आमची ठरल्याली हाय, झेंड्याच्या डाव्या अंगाला. ती तितं थांबंल, साहेब नारळ फोडतील, फोटो निघंल. संपलं."

"आप्पा, ती चार वर्षांची आहे. आणि मी विज्ञान शिकवते."

"म्हंजे? आमी काय लेकराला खाणार हाव का?" ते हसले. मग हसणं तसंच ठेवून म्हणाले, "तुमची ऑर्डर अजून पक्की व्हायचीय न्हवं?"

घरी नवरा म्हणाला, "आपण परत जाऊ."

"कुठे? बंद गिरणीच्या दारात?"

मग मीच वाट काढली असं मला वाटलं. मनू चालेल, काही सापडणार नाही, बोअर कोरडी जाईल. लोक हसतील, पायाळूचं खूळ उतरेल, सायकलवाले यायचे थांबतील. तिचं फसणं हीच तिची सुटका होती. मी दोनच अटी घातल्या — मी सोबत चालणार, आणि तिचे बूट-मोजे काढणार नाही. बूट आप्पांना आवडले. फोटोत बरे दिसतात.

सकाळी मी स्वतः तिला तयार केलं. मोजे धुवायला पाणी नव्हतं, म्हणून दोरीवर चार दिवस उन्हात राहिलेले, कडक झालेले मोजे चोळून मऊ केले आणि घातले. हे एवढं सविस्तर सांगते कारण पुढं मी स्वतःची उलटतपासणी शंभरदा केली आहे.

भाषणं झाली. बोअरची गाडी नांदेडकडून आली होती. तिच्यावरची तमिळ माणसं गाडीच्या सावलीत बसून हा सोहळा निर्विकारपणे बघत होती. आप्पांनी मनूच्या गळ्यात हार घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. "चला ताई, चाला!"

मनू चालली. झेंड्याशी सगळ्यांनी श्वास रोखला. ती झेंड्यावरून पुढं गेली. "अगं हितं, हितं!" आप्पा ओरडले. ती मांडवाच्या मागं गेली, मैदान संपेपर्यंत चालली आणि खालांच्या कुपाटीपाशी थांबली. मी तिच्यामागं होते. पलीकडे खाला उभ्या होत्या. गर्दी मांडवात अडकून हळूहळू येत होती.

मनूनं खाली पाहिलं. "आई, पाय ओले झाले."

मी खाली बसले. बुटांवर धूळ होती, कोरडी, पांढरी. उजवा बूट काढला. मोजा चिंब होता. ओलसर नव्हे, चिंब... मी मुठीत धरला तर पाणी भेगाळलेल्या मातीवर पडलं, आणि मातीनं ते पिऊन टाकलं. पाणी गार होतं, माठातल्यासारखं. तिचा तळवा पांढराफटक होऊन सुरकुतला होता, तास तास पाण्यात राहिल्यावर होतो तसा. डावा पायही तसाच. बूट मात्र बाहेरून कोरडे ठणठणीत.

मान वर केली. खाला कुपाटीवरून बघत होत्या. गर्दी जवळ आली. माझ्या डोळ्यांसमोर एकच — ही पोरगी आता आमची राहत नाही. गावोगावच्या जिपा दाराशी लागणार. पाणी लागलं तर देवी, नाही लागलं तर कैदाशीण. आणि त्या जिपांच्या मागे तो सायकलवाला.

खालांनी काटे बाजूला सारले, आत घुसल्या, मनूला उचललं आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगे माय! पोरीनं शू केली की! एवढ्या हारातुऱ्यात लेकराला कुणी मुतायला तरी न्यायचं!"

गर्दी जी हसली म्हणता! साहेबसुद्धा हसले. आप्पांचा चेहरा पडला. मनू एकटी रडत, हातपाय झाडत ओरडत होती, "नाही केली! मी शू नाही केली!"

"न्हाई केली, न्हाई केली," खाला तिचे पाय आपल्या पदरानं पुसत म्हणाल्या आणि तिला घरात घेऊन गेल्या.

साहेबांनी झेंड्याशी नारळ फोडला. दिवसभर गाडी घरघरत होती आणि राखेसारखी पांढरी भुकटी उडत होती. शाळा, मांडव, आप्पांची टोपी, सगळं पांढरं झालं. पाण्याचा थेंब नाही.

तिसऱ्या प्रहरी खाला आल्या. "बाई, आता दोनच गोष्टी हायेत. गप बसलं तर गाव तहानंनं मरतंय. बोललं तर पोरगी जाती."

"खाला, तिथं पाणी आहे कशावरून?"

"तुमाला पाय ओले दिसले का न्हाई?"

"दिसले."

"मग?"

मी दोरीवर टाकलेल्या त्या मोज्यांकडे पाहिलं.

"तुमी साळा शिकवा," त्या म्हणाल्या. "मी बघते. फक्त पोरीला कदी सांगू नका. लेकरू हाय, कुणापाशी तरी बोलंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तमिळ मंडळी पाइप आवरत होती, तेव्हा खाला मैदानात जाऊन बसल्या. रात्री दर्ग्यातले बाबा सपनात आले म्हणे. 'तुझ्या कुपाटीपाशी बोअर मार,' म्हणाले. लोक जमले. आप्पा चिडले होते, पण समारंभ करून कोरडी बोअर पदरात घेण्यापेक्षा बाबांचं सपान त्यांना परवडणारं होतं. गाडी हलवली. दुपारपर्यंत भुकटी ओली झाली, मग चिखल, मग पाणी उसळलं. माणसं त्यात नाचली. आप्पांनी टोपी काढून डोकं धारेखाली धरलं. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

मनूचं नाव कुणी काढलं नाही. ती आता मैदानात मुतलेली पोरगी होती. कमरेला उसण भरलेलेही यायचे बंद झाले. भरवसा उडाला.

जिपा आल्या त्या खालांच्या दाराशी. हार घालून, पुढच्या सीटवर बसवून त्यांना नेत. नायगावकडे, उमरीकडे, कुठं कुठं. त्या बोट दाखवत, तिथं लोक बोअर मारत. एकदाही पाणी लागलं नाही. लागणार कसं? पहिल्यांदा जिपेनं आणून सोडलं, नंतर पायी पाठवलं. एका गावात त्यांची बांगड्यांची टोपली लाथेनं उडवली. ढोंगी म्हातारी, म्हणाले. त्या गावांत पुन्हा बांगड्या भरायला त्यांना कुणी बोलावलं नाही.

"खरं सांगून टाकू या," मी एकदा म्हटलं.

"बसा गप," त्या फुटक्या बांगड्या निवडत म्हणाल्या. "शिव्या मला बसल्या, मी परत देऊ शकती. तुमची पोरगी काय देणार हुती? 'न्हाई केली, न्हाई केली'?" आणि पोट धरून हसल्या.

मनू मात्र त्यांच्याशी पुढं कधी नीट बोलली नाही. खाला खोटं बोलल्या, हे तिच्या डोक्यातून जाईना. खालांनी दिलेल्या बांगड्या ती कुपाटीवरून परत फेकायची. त्या गोळा करून पुन्हा द्यायच्या.

मी कारणं शोधली. घाम? उदगीरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, काही मुलांचे पाय घामेजतात. पण घाम पिळून काढता येतो का, यावर ते जरा वेळ थांबले आणि फी घेतली. तसं पुन्हा कधी झालंही नाही. बोअरचं पाणी खोल लागलं होतं, वर ओलीचा मागमूस नव्हता. ते मोजे वाळल्यावर त्यांच्यावर क्षारांची पांढरी खर धरली. पुढं त्या बोअरच्या पाण्यानं आमच्या हंड्याला धरायची, तशीच. अर्थात घामाचीही धरते. मी दोन्ही बाजू मांडते आहे.

आम्ही नंतर नांदेडला आलो. मनू मोठी झाली, आता तीही नोकरीसाठी राज्य बदलून, लहान मुलाला घेऊन बेंगळुरूला राहते. मागच्या महिन्यात खाला गेल्याचं कळलं. मी मनूला फोन केला. त्या दिवसाचं काय आठवतं, असं विचारलं. बोअर नाही आठवत, पाणी नाही, जिपा नाहीत.

"सगळे हसले होते," ती म्हणाली. "आणि मी शू केली नव्हती, आई."

"नव्हती केलीस."

मग मी तिला सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. खालांच्या टोपलीपाशी आले तेव्हा ती रडते आहे हे मला कळलं.

"त्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं. "मी खरं बोलत होते हे?"

"त्या एकट्यांनीच तुझं खरं मानलं."

"मग ते पाणी कुठनं आलं होतं?"

इतकी वर्षं शिकवल्यावर हा प्रश्न मला नीट ओळखू येतो. मुलं तो विचारतात, आणि बाई म्हणतात, शोधून सांगते. मी तेच म्हणाले.

अजून शोधते आहे.